उलट भाषांतर झालं, पण प्रश्न समजला का?

आंतरराष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांच्या अहवालांत एक वाक्य ठरलेलं: 'उलट भाषांतर करून प्रश्नावलीची पडताळणी केली.' अहो, उलट भाषांतर वेगळं आणि पडताळणी वेगळी. किती वेळा सांगायचं!

उलट भाषांतर बहुतेकांना ठाऊक असतं. एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडायच्या. संशोधक ब्रिस्लिन यांच्या १९७०च्या लेखापासून ही पद्धत फार रुळली.

गोची पुढे आहे. एसएफ-३६ या तब्येतीविषयीच्या प्रश्नावलीत 'डाउनहार्टेड अँड ब्लू', म्हणजे खचल्यासारखं, उदास वाटलं का, असा प्रश्न आहे. कुणी 'निळं वाटलं का' असं केलं, तर परतीच्या वाटेवर ते हुबेहूब 'ब्लू' होऊन येतं. पैकीच्या पैकी गुण! 'मन उदास होतं का' केलं तर येतं 'सॅड', आणि लाल शेरा. भाषांतर जितकं शब्दाला चिकटलेलं, तितकं या परीक्षेत हुशार.

मी एकदा पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीसाठी 'गेल्या पंधरा दिवसांत' लिहिलं. मुळात 'दोन आठवडे' आहे. परत आलं 'फिफ्टीन डेज', आणि परदेशातून विचारणा: एक दिवस कुठून वाढला? आपल्याकडे आठ दिवस म्हणजे आठवडा, पंधरा दिवस म्हणजे दोन, हे गळी उतरवायला तीन ईमेल गेले.

या सगळ्यात ज्याला प्रश्न विचारायचा तो माणूस कुठेच नाही. तो येतो कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यूत: उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं, तुम्हाला यातून काय कळलं? 'थकवा जाणवतो का?' या प्रश्नाला शेतमजुरी करणाऱ्या एक मावशी ठामपणे 'नाही' म्हणाल्या. का हो? 'दिवसभर निंदल्यावर अंग मोडणारच की. थकवा म्हणजे सलाईन लावायला लागतं तो.' इंग्रजीत परत नेलं असतं तर हा शब्द निमूटपणे 'टायर्ड' होऊन आला असता.

एसएफ-३६ मधला 'ब्लॉक' तर विचारूच नका. काही ब्लॉक चालता येतं का? अमेरिकेत ब्लॉक म्हणजे रस्त्याच्या एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचं अंतर. मुंबईत ब्लॉक म्हणजे फ्लॅट, खेड्यात बीडीओचा अख्खा तालुका.

उलट भाषांतराचा उपयोग एवढाच, की मराठी न येणाऱ्या परदेशी संशोधकाला काय लिहिलंय याचा अंदाज येतो. उलट भाषांतर आणि मुलाखती यांपैकी एकापुरतेच पैसे असतील, तर मी उलट भाषांतर बिनदिक्कत गाळीन. युरोपियन सोशल सर्व्हे त्याऐवजी दोन स्वतंत्र भाषांतरं समोर ठेवून एकत्र वाद घालायला लावतो, ते पटतं. मुलाखती फार लागत नाहीत. इस्पॉर या आरोग्य-अर्थशास्त्र संशोधकांच्या संस्थेची २००५ची मार्गदर्शक तत्त्वं दर भाषेला पाच ते आठ माणसं सांगतात. फक्त ती ऑफिसातली पदवीधर मंडळी नकोत. आणि मेळघाटात छापील मराठी प्रश्न कार्यकर्ता उंबऱ्यावर उभा राहून तोंडी कोरकू या तिथल्या आदिवासी भाषेत सांगणार असेल, तर त्या कोरकू प्रश्नाचं ना उलट भाषांतर होतं, ना मुलाखत. अहवालात भाषा मात्र 'मराठी'.