ऑफिसची मांडणी (खुला हॉल आणि केबिन)

ऑफिसात कोण कुठे बसणार, मधात भिंत घालायची की नुसतं पार्टिशन, मीटिंग कुठे अन् डोकं लावून करायचं काम कुठे, हे ठरवणं म्हणजे ऑफिसची मांडणी. शेजारच्याशी पटकन बोलता यावं पण फोनवरचं बोलणं सगळ्या हॉलला ऐकू जाऊ नये, ही यातली खरी ओढाताण. केबिन, क्युबिकल, खुला हॉल हे प्रकार सर्वांच्या ओळखीचे आहेत.

उगम

खुल्या ऑफिसची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण अमेरिकेत बफलोला वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने बांधलेल्या लार्किन बिल्डिंगचं नाव घेतात (१९०६ च्या सुमारास वापरात आली, १९५० मध्ये पाडली), तिथे मधल्या उंच चौकात वरून उजेड यायचा आणि कारकुनांसोबत वरिष्ठही तिथेच बसायचे. पण टेबलं रांगेत होती आणि भर देखरेखीवर होता असं दिसतं. दुसरं मत जर्मनीकडे बोट दाखवतं. हॅम्बर्गजवळच्या क्विकबोर्नमध्ये एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी साधारण १९५० च्या दशकाच्या अखेरीस कागद कोणाकडून कोणाकडे जातो, कोण कोणाशी जास्त बोलतं हे बघून टेबलं मांडायला सुरुवात केली, त्यामुळे रांगा गेल्या, कुंड्या आल्या, साहेबांच्या केबिनी गेल्या. सहकार्यासाठी केलेलं खुलं ऑफिस असा अर्थ घेतला तर हाच उगम जास्त पटतो.

क्युबिकल त्याच्या पुढचं. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्टने १९६४ मध्ये 'ॲक्शन ऑफिस' नावाचं ऑफिस फर्निचर काढलं, १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हलवता येणारी पॅनल आली. त्याच्या मनात पॅनलचा कोन १२० अंशांचा, मोकळा होता, कंपन्यांनी जागा वाचवायला तो ९० अंशांचा केला आणि खोके तयार झाले, ज्याची प्रॉप्स्टला नंतर फार खंत होती.

आवाज

आड काय आहे यापेक्षा काय ऐकू येतं हे महत्त्वाचं. छातीएवढं पार्टिशन बसलेल्या माणसाला लपवतं पण आवाज त्यावरून आणि सीलिंगला आपटून पलीकडे जातोच. आयएसओ ३३८२-३ हे मानक (पहिली आवृत्ती २०१२) यासाठी बोलण्याची स्पष्टता मोजतं, बोलणाऱ्यापासून किती अंतरावर ती (० ते १ च्या मापावर) ०.५० च्या खाली येते ते बघायचं, कारण शब्द कळले की लक्ष उडतं, नुसती गुणगुण तितकी त्रास देत नाही. बर्नस्टाइन आणि टर्बन यांच्या २०१८ च्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांनी खुली मांडणी केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. त्याआधी थॉमस ॲलन या संशोधकाने (१९७७) अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं हे दाखवलं होतं. दोन्ही खरं मानायला हरकत नाही, जवळ बसवा पण बोलायला दार लागणारी खोली पण द्या.

नागपूर

इथे मांडणी हवेवर ठरते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि ज्या ऑफिसात एसीऐवजी डेझर्ट कूलर आहे तिथे छतापर्यंत पार्टिशन घातलं की पलीकडचे उकडून निघतात, कारण कूलरच्या हवेला समोरच्या खिडकीतून बाहेर पडायला वाट लागते. म्हणून पार्टिशन कमी उंचीचं ठेवतात किंवा वरचा फूट-दीड फूट मोकळा सोडतात, आणि बोलणंही तिथूनच जातं. कूलर चालू असताना त्याच्या घरघरीत शेजारच्या टेबलावरचे शब्द बुडतात हे खरं. पण पावसाळा लागला की दमट हवेत कूलरचा उपयोग राहत नाही, तो बंद होतो आणि तोच हॉल एकदम उघडा पडतो, अकाउंट्सवाल्यांची पगाराची चर्चा दारापर्यंत ऐकू येते. मांडणी ठरवायची तर ती जुलैत, कूलर बंद असताना, दुसऱ्याला टेबलावर बोलायला लावून ऐकून ठरवावी.

इतवारी-गांधीबागच्या जुन्या पेढ्यांत शेठ, मुनीम आणि गिऱ्हाईक एकाच गादीवर. मिहान या विमानतळाजवळच्या नव्या उद्योगक्षेत्रातल्या आयटी ऑफिसांत सेंट्रल एसी असल्याने हवेची ही अडचण नाही. काचेच्या मीटिंग रूमची भिंत मात्र फॉल्स सीलिंगपाशीच थांबली असेल तर वरच्या पोकळीतून आवाज शेजारी उतरतो, ती स्लॅबपर्यंत न्यावी लागते.