आधी थंडी, मग उतारा

हिवाळी ओटच्या वाणांच्या चाचणीचा तक्ता हाती आला की नजर आधी उताऱ्याच्या रकान्याकडे जाते. या पिकात तो रकाना सगळ्यात शेवटी वाचावा, असं माझं ठाम मत आहे. शरद ऋतूत पेरून थंडी काढणाऱ्या धान्यांमध्ये राय सर्वांत काटक, त्याखालोखाल गहू, मग बार्ली, आणि ओट सर्वांत नाजूक. जो वाण वसंतापर्यंत शेतात टिकलाच नाही, त्याचा उतारा कितीही असला तरी काय उपयोग?

थंडीत पानं करपतात, पण तेवढ्यानं रोप मरत नाही. त्याचा जीव असतो मातीच्या थोडं खाली, फुटवे आणि मुळं जिथून निघतात त्या गाठीत. तिला मुकुट म्हणतात. थंडी ओसरल्यावर एखादं रोप उपटा, माती धुऊन काढा आणि ब्लेडनं ही गाठ उभी चिरा. आत पांढरी, घट्ट असेल तर रोप जगलंय. तपकिरी, पिचपिचीत असेल तर गेलं. खात्री होत नसेल तर दुसऱ्या एका रोपाची पानं-मुळं छाटा आणि गाठ ओल्या कागदात गुंडाळून उबेत ठेवा. जीव असेल तर काही दिवसांत तिला पांढरीशुभ्र मुळं फुटतात. वाणावाणांतला फरक असा डोळ्यांनी पाहिला की तक्त्यातल्या आकड्यांना अर्थ येतो.

हा काटकपणा रोपात पहिल्या दिवसापासून नसतो. तापमान शून्याच्या जरा वर असताना काही आठवडे मिळाले, तर पेशींत साखर साठते, पेशींच्या पडद्यांमधली स्निग्ध द्रव्यं बदलतात आणि मुकुट गोठण्याला तोंड द्यायला तयार होतो. ही तयारी किती खोल होते आणि मधेच चार उबदार दिवस आले तर किती टिकते, हे वाणागणिक बदलतं. शिवाय माती पुन्हा पुन्हा गोठून वितळली की फुगते, रोपाला वर ढकलते आणि मुळं तुटतात. अशा जमिनीत काटक वाणही दगा देऊ शकतो.

म्हणूनच चाचणी कोणत्या हिवाळ्यातली आहे, हे आधी विचारायला हवं. सौम्य हिवाळ्यात सगळेच वाण जगतात, अतिकडक हिवाळ्यात सगळेच मरतात, आणि दोन्हींतून काहीच कळत नाही. फरक उघडा पडतो तो मधल्या, काही वाण तगतात आणि काही जातात अशा हिवाळ्यात. असं वर्ष केव्हा येईल ते कुणाच्या हातात नसतं, त्यामुळे एका हंगामाच्या तक्त्यावर बियाणं ठरवू नये. आपल्यासारखी माती-हवा असलेल्या अनेक ठिकाणांची, तीन-चार वर्षांची सरासरी पाहावी. तक्त्याच्या तळाशी बहुधा ‘क्रांतिक फरक’, म्हणजे दोन वाणांतलं अंतर खरं मानायला किमान किती हवं तो आकडा, दिलेला असतो. समजा तो हेक्टरी 400 किलो आहे आणि दोन वाणांत 250 किलोंचं अंतर आहे, तर त्या चाचणीपुरतं एकाला दुसऱ्यापेक्षा सरस म्हणता येत नाही.

रोगांचा रकाना वाचताना मला व्हिक्टोरिया आठवतो. दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेत आणलेल्या या ओटमध्ये तांबेऱ्याला रोखणारं जनुक होतं. त्याच्यापासून काढलेले वाण 1940 च्या दशकात तिथे दूरवर पसरले. मग 1946 मध्ये एका नव्या करप्याची नोंद झाली. तो नेमका याच वाणांना गाठत होता, कारण त्याच्या बुरशीचं विष ज्या रोपांवर चालायचं, ती हे तांबेरारोधक जनुक असलेलीच रोपं होती. दोन गुण वेगळे करायचे खूप प्रयत्न झाले, पण जमले नाहीत. तेव्हापासून सगळी शेतं एकाच प्रतिकारावर सोपवणं धोक्याचं मानलं जातं. दोन-तीन वेगळ्या वंशाचे वाण पेरलेले बरे.

पीक लोळतं का, एकसारखं पिकतं का, हेही पाहावं. गिरणीला माल द्यायचा असेल तर टरफलाकडे मात्र नीट लक्ष हवं. ओटच्या दाण्याच्या वजनात साधारण पाव हिस्सा टरफल असतं, आणि गिरणीच्या कामाचा असतो तो आतला गर. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला तयार झालेला मॅस्कानी हा हिवाळी वाण ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे पेरला जातो. त्याच्याहून जास्त उतारा देणारे वाण नंतर आले, तरी गिरण्या मॅस्कानी मागत राहिल्या, कारण त्याच्या दाण्यात गर भरपूर निघतो.