टीबीच्या गोळ्या नेमक्या कधी सुटतात

मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दसारख्या वस्तीत टीबीचा कोर्स बहुधा पहिल्या महिना-दीड महिन्यातच डळमळतो. ताप गेलेला असतो, खोकला कमी झालेला असतो, भूक लागू लागते. माणूस कामाला लागतो आणि गोळ्या मागे पडतात. पण तोवर मेलेले असतात ते भराभर वाढणारे जंतू. सुस्त पडून राहिलेले मारायला पुढचे महिने लागतात. म्हणून साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीला सहा महिने: दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन. ही औषधं एकत्र असलेल्या गोळ्या रोज किती घ्यायच्या, ते वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. वजन वाढलं तर डोसही बदलू शकतो, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभं राहायचंच.

यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी केशरी होते. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही, तर रक्त जातंय असं वाटून लोक औषध बंद करतात. गोळ्या उपाशीपोटी जास्त चांगल्या लागू पडतात. पण मळमळत असेल तर थोडं खाऊन किंवा रात्री झोपताना घ्याव्यात. कोर्स सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा अंधुक दिसू लागलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि गरिबाला शिस्त नसते, हे म्हणणं साफ खोटं आहे. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासात दाटीवाटीच्या घरांत राहून औषध घेणारे गरीब रुग्ण सॅनेटोरियममधल्या, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयातल्या रुग्णांइतकेच बरे झाले. मात्र या घरच्या रुग्णांकडे अचानक जाऊन गोळ्या मोजल्या जात, लघवी तपासली जाई. पाठपुरावा होता!

आज नाक्यावर काम शोधणारा मजूर दवाखाना उघडायच्या आत घर सोडतो. त्याला महिन्याच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि आशाताईंनी संध्याकाळी चक्कर मारावी. टीबी रुग्णाच्या आहारासाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात. खात्याची अडचण पहिल्याच आठवड्यात सोडवावी. गावी जायचं असेल तर आधी आरोग्य केंद्रात सांगावं, म्हणजे निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली नोंद तिकडे पाठवता येते आणि गोळ्या तिथे मिळतात.

खंड पडलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. लगेच केंद्रात जावं. खंड महिन्याहून मोठा असेल तर बेडका पुन्हा तपासून जंतू औषधाला दाद देतात का, हे आधी बघावं लागतं.