पार्श्वभूमी : कीपरची निवड आणि ‘बॅकपास’चा गुंता

सांगली-मिरजेत काय किंवा साताऱ्यात काय, शालेय फुटबॉल संघ निवडताना वर्गातल्या उंच पोराला कीपर, म्हणजे गोलरक्षक, म्हणून गोलपोस्टमध्ये उभे करायची रीत अजून टिकून आहे. उंची, मोठे पंजे आणि न घाबरता चेंडूवर पडण्याची तयारी एवढेच पाहिले जाते. हे गुण लागतातच, पण ही कसोटी १९९२ च्या आधीच्या फुटबॉलची आहे.

हाताने खेळू शकणारा वेगळा गडी नियमांत आला १८७१ साली. १९१२ पर्यंत मोठ्या डीच्या (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) बाहेरही त्याला चेंडू हातात घेता येई. त्या वर्षी ही मुभा डीपुरती उरली. पुढची ८० वर्षे पकड, झेप आणि लांब किक यांवर कीपरचे निभावले.

१९९० च्या विश्वचषकात वेळकाढूपणा फारच डोळ्यांवर आला. आघाडी मिळाली की बचावपटू चेंडू मागे देणार, कीपर उचलणार, पुन्हा त्यालाच देणार, पुन्हा उचलणार. दोन वर्षांनी नियम झाला : सहकाऱ्याने मुद्दाम पायाने कीपरकडे दिलेला चेंडू त्याने हाताने खेळायचा नाही. १९९७ मध्ये सहकाऱ्याचा थ्रो-इनही (बाजूच्या रेषेवरून हाताने आत फेकलेला चेंडू) त्यात आला. १९९२ च्या निर्णयावर तेव्हा टीका झाली, पण खेळ वेगवान झाला तो त्यामुळेच.

घोळ आहे तो या नियमाला पडलेल्या ‘बॅकपास’ (मागे दिलेला पास) या नावात. नियमात हा शब्दच नाही. चेंडू मागे गेला, आडवा गेला की पुढे, याला महत्त्व नाही. तो मुद्दाम दिला का, पायाने किंवा घोट्याने दिला का आणि कीपरसाठी दिला का, हे तीन प्रश्न पंचाने स्वतःला विचारायचे. गुडघ्याने, छातीने किंवा डोक्याने दिलेला चेंडू कीपर खुशाल उचलू शकतो. टॅकल करताना, म्हणजे समोरच्याकडून चेंडू हिसकावताना, पायाला लागून आलेला किंवा क्लिअर करताना, म्हणजे दूर मारताना, फसलेला चेंडूही चालतो. मात्र कुणी चेंडू पायाने उडवून, नियम चुकवण्यासाठी डोक्याने कीपरकडे दिला, तर ती चलाखी करणाऱ्याला पिवळे कार्ड. मग कीपरने हात लावो अगर न लावो. २०१९ पासून आणखी एक सूट आहे : सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू मारून पुढे घालवण्याचा कीपरने स्पष्ट प्रयत्न केला आणि किक फसली, तर त्यानंतर तो हात लावू शकतो.

नियम मोडला तर शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशा किकची. प्रेक्षक हमखास ‘पेनल्टी!’ ओरडतात, पण इथे पेनल्टी नसते. गोलला लागून असलेल्या छोट्या डीच्या आत हात लागला असेल, तर चेंडू त्या डीच्या समोरच्या रेषेवर, सर्वांत जवळच्या जागी ठेवतात.

१९९२ च्या या एका निर्णयाने कीपरला पाय वापरणे भाग पडले. पास मागताना त्याने गोलपोस्टच्या सरळ रेषेत थांबू नये, एका बाजूला सरकावे. चेंडू पायाखालून निसटला तरी तो थेट जाळीत जात नाही. आपल्याकडची काळ्या मातीची मैदाने उन्हाळ्यात दगडासारखी होतात आणि चेंडू शेवटच्या टप्प्यावर उसळतो. म्हणून समोरचा गडी जवळ असेल तर चेंडू थांबवायच्या भानगडीत न पडता पहिल्याच स्पर्शात बाजूच्या रेषेकडे मारावा. डावा पाय कच्चा असलेला कीपर इथेच सापडतो.

नुसत्या उंचीनेही भागत नाही. ११ मीटरवरून ताशी १०० किलोमीटरने आलेली पेनल्टी सुमारे ०.४ सेकंदात पोचते. त्यातला निम्मा वेळ डोळ्याने पाहून अंग हलेपर्यंत जातो. उरलेल्या वेळात ७.३२ मीटर रुंद गोलची एक बाजू गाठायची, तर पहिले पाऊल महत्त्वाचे. खेळ चालू असताना शॉट बसतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर आणि भार चवड्यांवर हवा; अजून पळत असलेल्या कीपरला दिशा बदलता येत नाही. झेपेत आधी पोटरीची बाजू, मग मांडी, मग बरगड्यांची बाजू, शेवटी खांदा टेकतो. कोपर आधी टेकले तर खांद्याला हिसका बसतो आणि चेंडू सुटतो. मुरमाच्या मैदानावर हे शिकवू नये, पोरं सोलवटतात आणि कायमची बिचकतात. शाळेतला लांब उडीचा वाळूचा खड्डा त्यासाठी उत्तम.

मनाचा कस आता घड्याळही पाहते. २०२५ पासून कीपरने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटची ५ सेकंदे पंच हात वर करून मोजून दाखवतो. नुकताच गोल खाल्लेला पोरगा त्या बोटांकडे पाहून घाईत चेंडू समोरच्याच्या पायात देतो. क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर आलेल्या चेंडूवर, बाहेर यायचे ठरवून मधेच थबकणारा असाच गोल खातो.

निवडीच्या दिवशी म्हणून १० पास द्यावेत, ५ डाव्या पायावर आणि ५ उजव्या, १० मीटरवरून एक गडी अंगावर धावत येत असताना. तिसरा पास फसल्यावर चौथा तो कसा मागतो, आवाज देतो की मान खाली घालतो, हे वहीत टिपावे. उंची त्यानंतर मोजावी.