आतड्यातला जीवाणू घातक होतो तेव्हा

पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार मुले दरवर्षी अतिसाराने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातील अनेक मृत्यूंना कारणीभूत ठरणारे जीवाणू शतकभरापूर्वी कोणाला ठाऊक नव्हते. काहींची ओळख तर गेल्या तीस-चाळीस वर्षांतच पटली. त्यांना ‘नव्याने उद्भवणारे’ रोगकारक म्हटले जात असले, तरी त्यांतील बहुतेक जण माणसाच्या आतड्यात पिढ्यान्‌पिढ्या निरुपद्रवीपणे राहणाऱ्या जीवाणूंचेच भाऊबंद आहेत. त्यांच्यात नवीन आहेत ती फक्त जनुके, आणि तीही बहुधा दुसऱ्या कोणाकडून मिळवलेली.

१८८५ मध्ये थिओडोर एशरिच या बालरोगतज्ज्ञाने अर्भकांच्या विष्ठेतील जीवाणूंचा अभ्यास करताना ज्या जीवाणूचे वर्णन केले, तोच पुढे ‘एश्चेरिकिया कोलाय’ म्हणजे ई. कोलाय म्हणून ओळखला जाऊ लागला. तो निरोगी बाळांमध्येही सापडत असल्यामुळे त्याच्यावर संशय घेणे अवघड होते. १९४५ मध्ये जॉन ब्रे यांनी लंडनमधील अर्भकांच्या उन्हाळी अतिसाराच्या साथीचा संबंध ई. कोलायच्या एका विशिष्ट प्रकाराशी जोडला, तरीही शंका पूर्णपणे फिटल्या नाहीत. अखेर १९७८ मध्ये प्रौढ स्वयंसेवकांना हे जीवाणू प्रत्यक्ष देऊन केलेल्या प्रयोगात अतिसार झाला आणि वाद संपला. या प्रकाराला ‘एंटेरोपॅथोजेनिक ई. कोलाय’, थोडक्यात ईपेक म्हणतात.

ईपेकची कार्यपद्धती समजून घेण्यासाठी आतड्याचे काम आधी पाहायला हवे. प्रौढ माणसाच्या आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातील दोनेक लिटर खाण्यापिण्यातून आलेला असतो आणि उरलेला लाळ, जठररस, पित्त व इतर पाचक स्रावांतून. हा जवळजवळ सगळा द्रव आतडे परत शोषून घेते आणि विष्ठेतून अगदी थोडा बाहेर पडतो. म्हणजे शोषण आणि स्राव यांचा तोल किंचित ढळला, तरी लिटरच्या लिटर पाणी निसटू शकते. बाळाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण प्रौढापेक्षा जास्त असते आणि वजनाच्या मानाने त्या पाण्याची रोजची उलाढालही मोठी असते. त्यामुळे जो अतिसार मोठा माणूस दोन दिवस सोसतो, तोच बाळाला काही तासांत धोक्याच्या पातळीवर नेतो.

लहान आतड्याच्या आतील पेशींच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवट्यांची दाट लव असते आणि शोषणाचे काम तिथेच चालते. ईपेक जीवाणू या पेशीला येऊन चिकटतो आणि सुईसारख्या पोकळ रचनेतून आपली प्रथिने थेट तिच्या आत सोडतो. त्यांतले एक प्रथिन पेशीच्या पडद्यात जाऊन बसते आणि जीवाणूला घट्ट पकडण्यासाठीची खुंटी बनते. जीवाणूला चिकटण्याची जागा पेशी स्वतः पुरवत असावी, असा पूर्वीचा समज होता. पण ती खुंटी जीवाणूनेच पेशीत रोवलेली असते, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. यजमानाच्या शरीरात स्वतःसाठी दरवाजा बसवणारा जंतू ही कल्पना आजही मला थक्क करते. त्यानंतर पेशीचा अंतर्गत सांगाडा बदलतो, सूक्ष्म उंचवटे नाहीसे होतात आणि जीवाणूच्या खाली पेशीचाच एक चबुतरा उभा राहतो. शोषणाचे क्षेत्र घटते आणि शेजारच्या पेशींमधील सांधे सैल पडतात. सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारे वाहक प्रथिनही निकामी होते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. ही बाब गंभीर आहे, कारण साखर आणि मीठ मिसळलेले जलसंजीवनीचे द्रावण याच वाहकाच्या आधारे पाणी शरीरात पोहोचवते. ईपेकचा अतिसार काही तान्ह्या बाळांमध्ये इतका चिवट का ठरतो, याचे एक उत्तर इथे मिळते.

या सगळ्या करामतीसाठी लागणारी जनुके ई. कोलायच्या मूळ वारशातली नाहीत. ती गुणसूत्रावर एका सलग पट्ट्यात दाटीने बसलेली आढळतात आणि तो पट्टा बाहेरून आल्याच्या खुणा त्याच्या रासायनिक रचनेत दिसतात. जीवाणू परस्परांना प्लाझ्मिड नावाची छोटी जनुकवलये देतात, तर काही वेळा जीवाणूंना बाधणारे विषाणू एका जीवाणूची जनुके दुसऱ्यात नेऊन ठेवतात. हे हस्तांतर कोट्यवधी जीवाणूंच्या गर्दीत अखंड चालू असते, म्हणून ‘नवा’ रोगकारक कधीही आणि कुठेही जन्मू शकतो.

ई. कोलायचे इतर रोगकारक प्रकार आपापल्या वेगळ्या मार्गाने जातात. ईटेक (एंटेरोटॉक्सिजेनिक ई. कोलाय) हा प्रकार पेशीच्या आत न शिरता जीवविषे सोडतो आणि त्यामुळे पेशी क्लोराइड व त्यामागोमाग पाणी आतड्यात ओतत राहतात. १९८७ मध्ये वेगळा ओळखला गेलेला ईएईसी (एंटेरोअॅग्रिगेटिव्ह ई. कोलाय) श्लेष्म्याच्या थरात विटांसारखा एकावर एक रचला जातो आणि चौदा दिवसांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या अतिसाराशी त्याचा संबंध आढळला आहे. शिगेला हा ई. कोलायचा जवळचा भाऊबंद मोठ्या आतड्याच्या पेशींत घुसून त्यांचा नाश करतो, म्हणून त्याच्या हगवणीत रक्त आणि आव पडते.

सर्वांत भयावह प्रकार मात्र शिगा जीवविष तयार करणाऱ्या ई. कोलायचा आहे. या विषाचे जनुक एका विषाणूने जीवाणूच्या गुणसूत्रात आणून बसवलेले असते. विष आतड्यातून रक्तात शिरते, मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींना चिकटते आणि त्यांची प्रथिने बनवण्याची यंत्रणा बंद पाडते. परिणामी लाल रक्तपेशी फुटतात, रक्त गोठवणारे बिंबाणू कमी होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागते. या अवस्थेला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात आणि तिचा सर्वाधिक धोका पाच वर्षांखालील मुलांना असतो. ओ१५७:एच७ हा या गटातील प्रसिद्ध प्रकार १९८२ मध्ये अमेरिकेत ओळखला गेला. १९९३ मध्ये तेथेच अर्धवट शिजलेल्या मांसातून पसरलेल्या त्याच्या साथीत चार मुले दगावली. २०११ मध्ये जर्मनीत तर एक अनपेक्षित संकर समोर आला. विटांसारखे थर रचणाऱ्या ईएईसीने शिगा विषाचे जनुक मिळवले होते. मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या त्या साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक मरण पावले. बहुतेक बळी प्रौढ होते. त्या साथीने दाखवून दिले की दोन ओळखीचे प्रकार एकत्र येऊनही कोणाच्या ध्यानीमनी नसलेला तिसरा तयार होऊ शकतो.

अशा जीवाणूंना ओळखणे अवघड का जाते, हे एका प्रजातीच्या इतिहासावरून कळते. १९९१ मध्ये बांगलादेशातील अतिसारग्रस्त बालकांकडून मिळालेला एक जीवाणू ‘हाफ्निया अल्व्हेई’ म्हणून नोंदवला गेला. २००३ मध्ये तो एक स्वतंत्र प्रजाती असल्याचे सिद्ध झाले आणि तिला ‘एश्चेरिकिया अल्बर्टी’ हे नाव मिळाले. नेहमीच्या संवर्धन-तपासणीत, म्हणजे जीवाणू वाढवून केलेल्या तपासणीत, तो इतरांसारखाच दिसतो. त्याची घातक जनुके शोधली तरच तो हाती लागतो. आफ्रिका व दक्षिण आशियातील सात ठिकाणी २००७ ते २०११ या काळात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे नमुने पुढे जनुकीय पद्धतीने पुन्हा तपासले, तेव्हा मध्यम ते तीव्र अतिसारात कारण सांगता येण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावरून ९० टक्क्यांच्या आसपास गेले आणि शिगेलाचा वाटा पूर्वीपेक्षा खूपच मोठा निघाला. त्याच मूळ अभ्यासात एक वर्षाखालील बाळांमध्ये ईपेक आढळल्यास मृत्यूचा धोका वाढल्याचेही दिसले. मात्र हीच जनुके निरोगी मुलांच्या विष्ठेतही सापडतात. त्यामुळे नुसते जनुक सापडणे पुरेसे नसते, त्याचे प्रमाणही मोजावे लागते.

उपचाराच्या बाबतीत जीवाणू कोणता, हा फरक थेट जिवाशी येतो. पाणी व क्षार भरून काढणे हा प्रत्येक अतिसारात पहिला उपाय आहे. त्यासोबत जागतिक आरोग्य संघटना दहा ते चौदा दिवस झिंक देण्याची शिफारस करते. स्तनपान चालू ठेवायचे असते. शिगेलाच्या रक्तमिश्रित हगवणीत प्रतिजैविक उपयोगी पडते. पण शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायमध्ये काही प्रतिजैविके जीवाणूतील विषाणूला जागे करतात आणि विषाची निर्मिती वाढवू शकतात. दोन्हींत विष्ठेतून रक्त जाते, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून विष्ठेत रक्त दिसत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा मूल पांढरेफटक आणि सुस्त पडले असेल, तर घरच्या घरी प्रतिजैविक किंवा जुलाब थांबवण्याच्या गोळ्या न देता त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे नेले पाहिजे.