एक कप म्हणजे २५० ग्रॅम? नाही!

‘एक कप म्हणजे २५० ग्रॅम, मग जिन्नस कोणताही असो’ हे समीकरण वर्षानुवर्षं फिरतं आहे. ते चुकीचं आहे, आणि त्यापायी कितीतरी केक बिघडतात.

कप आकारमान मोजतो, ग्रॅम वजन. दोन्ही आकडे जुळतात ते पाण्यापुरते, कारण १ मिली पाणी जवळपास १ ग्रॅम भरतं. दूधही त्याच्या आसपास. पण २४० मिलीच्या कपात मैदा साधारण १२० ते १२५ ग्रॅम मावतो, साखर २०० ग्रॅम, तेल २२०च्या आसपास आणि मध तब्बल ३४० ग्रॅम. म्हणजे कपभर मैद्याऐवजी २५० ग्रॅम घातला, तर तो थेट दुप्पट झाला. केक कोरडा, घट्ट होतो आणि दोष ओव्हनला दिला जातो.

मैद्याचं आणखी एक. कप डब्यात खुपसून भरला की पीठ दाबलं जातं आणि तोच कप १५० ग्रॅमपर्यंत जातो. चमच्याने हलकेच भरून सुरीने सपाट केला, तर १२०च्या जवळ राहतो.

शिवाय कपही सगळीकडे सारखा नाही: अमेरिकी सुमारे २३७ मिली, मेट्रिक २५०, जपानी २००. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात २०चा.

रोजच्या स्वयंपाकात हा फरक खपून जातो. बेकिंगमध्ये नाही, तिथे पीठ आणि ओलावा यांच्या प्रमाणावरच पोत ठरतो. म्हणून पाककृतीत ग्रॅम दिले असतील तर ते कपात बदलूच नका. डिजिटल काट्यावर भांडं ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि थेट त्यातच मोजा.