माहीमला सहा जून, वांद्र्याला सोळा

भाचीने शाळेच्या प्रकल्पासाठी पायथॉन या संगणक-भाषेला विचारलं, ६ जून १६७४ ला वार कोणता? उत्तर आलं, बुधवार. तिच्या पुस्तकात त्या दिवशीचा शिवराज्याभिषेक शनिवारी. "मामा, कॉम्प्युटर चुकतो?" त्याआधी तिने एक्सेललाही विचारून पाहिलं होतं. एक्सेलच्या लेखी १९०० च्या आधी जगच नाही. तारीख नुसती अक्षरं समजून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटली होती.

गणित बरोबर आहे, कॅलेंडर वेगळं आहे. ६ जून ही ज्युलियन या जुन्या कॅलेंडरची तारीख. मुंबईचे इंग्रज तेच कॅलेंडर पाळत, आणि रायगडावर हजर असलेला त्यांचा वकील हेन्री ऑक्झेंडनही त्याच हिशेबाने तारखा टाकी. पायथॉन मात्र आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर बिनदिक्कत मागे ताणतो.

ज्युलियनमध्ये दर चौथं वर्ष लीप, सूट नाही. त्यामुळे वर्ष सुमारे ११ मिनिटांनी लांबतं, १२८ वर्षांत एक दिवस साचतो. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. पोर्तुगालने तो लगेच मानला, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही. म्हणून १६६५ मध्ये मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे आली तेव्हा कॅलेंडर चक्क दहा दिवस मागे गेलं! वांद्रे पोर्तुगीजांकडेच राहिलं. माहीमला तरीत बसावं ६ जूनला, पलीकडे उतरावं १६ जूनला. वार दोन्हीकडे शनिवारच.

जावा या दुसऱ्या संगणक-भाषेचं जुनं कॅलेंडर १५८२ ला ज्युलियनवरून ग्रेगोरियनवर सांधा बदलतं. रोमसाठी ठीक, मुंबईच्या इंग्रजांसाठी चूक.

मला आवडतो तो खगोलशास्त्रज्ञांचा उपाय. महिने-वर्षांच्या भानगडीत पडायचंच नाही, इ.स.पू. ४७१३ च्या १ जानेवारीपासून (ज्युलियन) नुसते दिवस मोजायचे. आपल्या ज्योतिर्गणितातला अहर्गण याच जातीचा. राज्याभिषेकाचा दिवस-क्रमांक २३३२६४३. सातने भागा, बाकी ५. सोमवार शून्य धरला तर शनिवार. पायथॉनने पकडलेला दिवस २३३२६३३, बाकी २, बुधवार.

अशाच सॉफ्टवेअरवर ऐतिहासिक व्यक्तींच्या कुंडल्या मांडल्या जातात. दहा दिवसांत चंद्र चार राशी ओलांडतो, तरी भविष्य म्हणे तंतोतंत जुळतं.

भाचीच्या तक्त्यात आता तीन रकाने आहेत: कागदावरची तारीख, कॅलेंडर कोणतं, दिवस-क्रमांक. चौथा रकाना काल वाढला: वर्ष कधी सुरू होतं. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी १६६५ मध्ये घेतलेला मुंबईचा ताबा त्यांच्या हिशेबी १६६४ सालचा.